गॅरेजमधले घोरपडेकाका

आमच्याकडे कैरीच्या लोणच्याची एक बरणी आहे. तिच्यावर घोरपडेकाकांनी स्वतःच्या हाताने लिहून चिठ्ठी चिकटवली होती, 'जेवणाबरोबर, दिवसातून एकदा. ब्लडप्रेशर असल्यास नुसता वास घ्यावा.' घरात ब्लडप्रेशर एकट्या मला, तेव्हा टोमणा कुणाला होता ते सांगायला नको. मी भडकले. म्हटलं, "काका, माझ्या घरात येऊन माझ्याच लोणच्यावर दादागिरी?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला, बरणी उजेडात धरून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "मी नुसतं लेबल लावतो गं अलका. खाणारा खातोच."

तीसेक वर्षं ह्या माणसाने औषधांच्या काउंटरमागे उभं राहून काढली. मूळचे सांगलीचे. फार्मसी शिकून शिकागोला आले, तिथून नेपरव्हिलला, आणि आमच्या रस्त्यावर, आमच्यापासून तिसऱ्या घरात रिटायर झाले. रिटायर झाले हे आपलं म्हणायचं. ताकाचा ग्लास हातात दिला तरी आधी ढवळायचे, मग उजेडात धरायचे, मग तोंडाला लावायचे. पुढ्यात शेंगदाणे ठेवले की बोलता बोलता सुरीच्या पात्याने पाच-पाचचे गट करून बाजूला सरकवायचे, गोळ्या मोजतात तसे. आपण असं करतोय हे त्यांच्या लक्षातही नसायचं. कुणी शिंकलं की बाकीचे 'ब्लेस यू' म्हणायचे आणि काका विचारायचे, "कधीपासून?"

त्यांच्या बायकोला, सुनंदाकाकूंना, ह्या सगळ्याची सवय होती. त्या पुरणपोळी वाढताना म्हणायच्या, "घ्या, दिवसातून दोनदा, तुपाबरोबर, आणि गुंगी आल्यास गाडी चालवू नये." काका हसायचे नाहीत. गंभीर चेहऱ्याने दोनच खायचे. तिसरी मात्र काकू आत गेल्यावर माझ्या ताटातली उचलायचे.

आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये, बसतो. तिथे चपलांच्या ढिगाशेजारी काका फोल्डिंगचं टेबल टाकून बसत. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील औषधांच्या पिशव्या घेऊन त्यांच्यासमोर रांग लावायचे. काका पिशवी टेबलावर उपडी करत आणि एकच प्रश्न विचारत, "आणखी काय घेता?" "काही नाही हो." "आणखी काय घेता?" असं तीनदा झालं की माणूस बोलायला लागायचा. एकदा एक कुलकर्णीकाकू सापडल्या. हृदयाच्या ठोक्यांसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू, आणि वर लसणीच्या कॅप्सूल, कुठलासा काढा आणि मैत्रिणीने दिलेलं चूर्ण. त्या म्हणाल्या, "अहो, ते काय औषध आहे? झाडपाला तो. मुलाला कशाला सांगायचं?" काका उठून उभे राहिले. सगळ्या जिमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काकू, पोटात गेलं की झाडपाला राहत नाही, औषध होतं! आणि डॉक्टरपासून लपवलेलं औषध म्हणजे विष!" बिचाऱ्या कुलकर्णीकाकू आरतीपर्यंत डोळे पुसत बसल्या. मला राग आला काकांचा. पण पुढच्या वर्षी त्या काकू स्वतःहून पिशवी घेऊन सगळ्यांच्या आधी हजर, आणि काकांसाठी वेगळा डबा.

मग सुनंदाकाकूंना कॅन्सर झाला. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. केमो सुरू झाल्यावर त्यांच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना. उलटीवरच्या सगळ्या गोळ्या झाल्या. शेवटी तिथल्या नर्सनेच सुचवलं की गांजाच्या गोळ्या, गमीज, घेऊन बघा, कितीतरी पेशंटना बरं वाटतं. इलिनॉयमध्ये आता ते कायद्याने मिळतं, दुकानातून, रीतसर पावती घेऊन. काका त्या दुकानात कोट आणि टाय घालून गेले. मी ड्राइव्ह केलं म्हणून मला माहीत. नाकात चमकी घातलेल्या पोराने "व्हॉट्स अप, बॉस" म्हटलं, तर काकांनी त्याच्याकडे प्रत्येक गोळीत नेमकं किती मिलिग्रॅम आणि आणखी कशाबरोबर घेऊ नये ते छापलेलं पत्रक मागितलं. त्याच्याकडे पत्रक नव्हतं. काकांनी त्याला तिथेच उभ्या उभ्या पंधरा मिनिटं शिकवलं. पोरगा गुणी, त्याने ऐकून घेतलं.

घरी आल्यावर काकू हसल्या. "जन्मभर लोकांना गोळ्या वाटल्या, आता बायकोला गांजा पाजताय!" पण त्या संध्याकाळी त्यांनी पिठलंभात खाल्ला. दोनच घास, पण खाल्ला आणि पोटात राहिला. काका स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्या झाडाचे उपकार त्यांनी कधीच नाकारले नाहीत, आणि मीही नाकारणार नाही.

काकू गेल्या. मुलगी मृणाल शिकागोत नोकरी करते, इथेच जन्मलेली. ती महिनाभर येऊन राहिली आणि मग दर शनिवारी येऊ लागली. काका बाहेरून जसेच्या तसे. शेंगदाणे पाच-पाच, चष्मा कपाळावर. त्याच वर्षात त्यांना छातीत दुखून एक स्टेंट बसवावा लागला, मग ठोके अनियमित झाले आणि रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. तीच, कुलकर्णीकाकूंवाली.

त्याच हिवाळ्यात आमच्या रस्त्यावर स्कंकचा वास यायला लागला. स्कंक म्हणजे इथला एक काळापांढरा प्राणी, घाबरला की असा काही फवारा सोडतो की नाकातले केस जळतात. रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की हा वास. मी नवऱ्याच्या मागे लागून मागच्या लाकडी डेकखाली औषध टाकून घेतलं, शेजाऱ्यांना कचऱ्याची झाकणं नीट लावा म्हणून सांगून आले, गावाच्या प्राणी खात्याला दोनदा फोन केला. काकांनाही सांगितलं, "काका, तुमच्या गॅरेजच्या बाजूनेच येतो वास. बीळ असेल." काका म्हणाले, "असेल. बघतो."

आठवड्याभराने त्यांचा डबा परत करायला गेले. गॅरेजचं दार हातभर वर उचललेलं आणि खालून धूर. मी वाकून पाहिलं तर आत फोल्डिंगच्या खुर्चीवर घोरपडेकाका, अंगात जाडा कोट, कानटोपी, पायांत बर्फातले बूट. उजव्या हातात विडी. डाव्या मनगटावर उजव्या हाताचीच दोन मोकळी बोटं, नाडी मोजत.

"ये," ते म्हणाले. "तुझा स्कंक सापडला."

मी वाकून आत शिरले. मग एकदम सगळं सुटलं. "काका, लाज नाही वाटत? छातीत स्टेंट, ठोके वेडेवाकडे, आणि तुम्ही इथे बसून गांजा ओढताय? तुम्ही? त्या कुलकर्णीकाकूंना चारचौघांत रडवलंत आणि तुम्ही?"

"बस आधी," ते म्हणाले. "शंभर अठरा."

"काय शंभर अठरा?"

"नाडी. ओढायच्या आधी ऐंशीच्या घरात होती."

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, काउंटरवर गिऱ्हाइकाला सांगावं तसं. ओढलं की हृदय जोरात धावायला लागतं, त्याला जास्त प्राणवायू लागतो, आणि नेमका तेव्हाच धुरामुळे रक्तातला प्राणवायू कमी पडतो. ठोक्यांची लय आधीच बिघडलेली असेल तर आणखी बिघडू शकते. आणि रक्त पातळ करायच्या त्यांच्या गोळीचा असर ह्याने वाढतो, म्हणजे रक्त हवं त्यापेक्षा पातळ होतं. कोटाची बाही सरकवून त्यांनी हात दाखवला. दंडावर निळे डाग होते, कुठे आपटल्याशिवाय आलेले.

"मग हे माहीत असून?"

"माहीत असण्याचा आणि झोप येण्याचा काही संबंध नाही गं," काका म्हणाले. "ती गेल्यापासून मला झोप नाही. झोपेच्या सगळ्या गोळ्या मी स्वतः लोकांना दिल्यात, माझ्यावर एकही चालत नाही. तिच्या उरलेल्या गमीज होत्या. एक घेतली आणि सकाळपर्यंत झोपलो. मग त्या उशिरा चढतात म्हणून हे. पाच मिनिटांत डोकं गप्प होतं."

"डॉक्टरांना सांगितलंय?"

काकांनी विडी विझवली. "मृणाल असते बरोबर," एवढंच म्हणाले.

इथेच सगळी मेख होती. इथे वाढलेली आपली मुलं आईवडिलांना डॉक्टरकडे एकटं सोडत नाहीत. शेजारी खुर्ची टाकून बसतात, सगळी उत्तरं तीच देतात, आणि त्याला आपण प्रेम म्हणतो, ते असतंही. पण मुलीच्या देखत नर्सने विचारलेल्या गांजाच्या प्रश्नाला सांगलीच्या घोरपड्यांच्या घरातला बाप हो म्हणणार कसा? मृणालने मला तो किस्सा गंमत म्हणून सांगितला होता. "मावशी, नर्स आस्क्ड हिम अबाउट मॅरुवाना! बाबांना! मी इतकी हसले. ही वोन्ट इव्हन टच अ बिअर." बाबा नुसते "नो" म्हणाले होते. डॉक्टर बिचारे आपले गोळीचा डोस कमी-जास्त करत बसले होते. तपासणी एकदा बरोबर येई आणि एकदा भलतीच, आणि असं का होतंय ते त्यांना उमगत नव्हतं.

त्या दिवसापासून मी काकांच्या मागे लागले. दिसले की विचारायचे, "सांगितलं?" ते म्हणायचे, "सांगतो." मी म्हणायचे, "मी सांगते मृणालला." त्यावर ते असे बघायचे की माझी जीभ जागच्या जागी राहायची. तो काही माझा निरोप नव्हता. कधी मी चिडवायचे, "काय काका, झाडपालाच ना तो?" तर म्हणायचे, "तू फार दुष्ट आहेस." आणि मग, तेवढ्याच आवाजात, "सकाळी चहाबरोबर पण लागतं आता." एवढा हुशार माणूस असा आपल्या डोळ्यांदेखत कडेला जातो आणि आपल्याला हात धरता येत नाही, ह्याचा मला जो संताप यायचा तो मी घरी नवऱ्यावर काढत असे.

असं वर्षभर चाललं. मग फेब्रुवारीत मंडळाचा तिळगूळ होता. थंडीमुळे दोनदा पुढे ढकललेला. काका नेहमीसारखे टेबल टाकून बसले. एका आजोबांची पिशवी उपडी केली, "आणखी काय घेता?" विचारलं, आजोबा "काही नाही" म्हणाले. काका पुन्हा विचारायला गेले आणि वाक्य अर्ध्यात थांबलं. चेहरा पांढराफटक. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली, पण टेबलच फोल्डिंगचं, ते काकांसकट खाली आलं. सगळीकडे गोळ्या सांडल्या. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा त्यांची नाडी बघणारा मुलगा आपल्या जोडीदाराला आकडा सांगताना दोनदा अडखळला. मी त्यांच्याबरोबर गेले. वाटेत काका डोळे मिटून होते आणि त्यांची बोटं माझ्या हाताखाली स्वतःचं मनगट शोधत होती.

मृणाल शिकागोहून धावत पोचली, ओला कोट तसाच अंगात. इमर्जन्सीतली डॉक्टर तरुण होती. तिने भराभर विचारायला सुरुवात केली आणि मृणाल भराभर उत्तरं देऊ लागली. ॲलर्जी? नाही. स्मोकिंग? नाही. दारू? नाही. ड्रग्ज, मॅरुवाना? "नो, नो," मृणाल म्हणाली. "नथिंग लाइक दॅट."

मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यावरच्या पडद्यावर हिरवी रेघ वेड्यासारखी नाचत होती. डॉक्टर पुढच्या प्रश्नाकडे वळली होती. काकांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"मृणाल," ते म्हणाले, "हो म्हण."

तिला कळलंच नाही. "व्हॉट, बाबा? मास्क काढू नका ना."

"हो म्हण तिला." मग त्यांनी डॉक्टरकडे मान वळवली आणि धापा टाकत, पण एक-एक शब्द नीट उच्चारत, इंग्रजीत सांगितलं की रोज, ओढून, संध्याकाळी आणि आता सकाळीसुद्धा, आजचं सकाळी चहाबरोबर, दोन वर्षं होत आली, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असताना. सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं. मी त्यांना काकूंच्या अंत्यविधीतही रडताना पाहिलं नव्हतं.

त्या पोरीने भुवईसुद्धा उचलली नाही. "थँक यू फॉर टेलिंग मी, सर. दॅट हेल्प्स अ लॉट," असं म्हणून तिने ते टाइप केलं, दोन औषधं बदलली, रक्ताची एक तपासणी आणखी लावली आणि पुढच्या पेशंटकडे गेली. अगं बाई, एवढंच? मला रडावं का हसावं कळेना. दोन वर्षं हा माणूस ज्या लाजेपायी जीव टांगून बसला होता, ती ह्या खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हती. ती फक्त आमची होती, आम्ही सामानातून आणलेली.

मृणालने अंगातला ओला कोट काढून खुर्चीवर टाकला. मग म्हणाली, "बाबा, माझ्या ऑफिसमधले अर्धे लोक करतात. आय डोन्ट केअर अबाउट दॅट. तुम्ही मला सांगितलं नाही." काका म्हणाले, "तुझी आई गेली होती. तुला आणखी एक कशाला, म्हटलं." मग मात्र ती त्यांच्या पांघरुणावर डोकं ठेवून मोठ्याने रडली आणि मी कॉफी आणायच्या निमित्ताने बाहेर पडले.

काकांनी सोडलं. सोपं गेलं असं कोणी म्हणू नये. पहिले काही आठवडे त्यांच्या तोंडी लागायची सोय नव्हती. घाम सुटायचा, अन्नावर वासना नाही, माझ्या लोणच्यालासुद्धा नावं ठेवली. ठोके मात्र ताळ्यावर आले, गोळीचा डोस एकदाचा बसला, दंडावरचे डाग गेले. गॅरेजमध्ये मृणालने सायकली टांगल्या. झोपेचं विचारलं की काका मान फिरवायचे.

एप्रिलमध्ये एकदा सकाळी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा असा की मी आधी घाबरले.

"छातीत दुखतंय?"

"नाही गं." खुर्चीवर बसले, पाणी प्यायले. ढवळलं नाही, उजेडात धरलं नाही. "ते ओढलं ना, की स्वप्नं पडत नाहीत. झोप म्हणजे नुसता काळोख. मला तेच हवं होतं. कारण डोळा लागला की मला ती हॉस्पिटलमधली दिसायची. नळ्या, ते टक्कल. मी त्या धुराने दोन वर्षं तिला घराबाहेर ठेवली, अलका. आता सोडल्यापासून रोज दिसते. आधी तशीच दिसायची, आजारी. मी ओरडत उठायचो. काल..." ते थांबले. "काल सांगलीच्या मंडईत होती. मी जुडी चुकीची घेतली म्हणून मला शिव्या घालत होती. कोथिंबीर सांगितली तर मेथी आणली म्हणून. आजारी नव्हती गं. केस होते तिला. एवढाले केस."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. वयाने, मानाने मोठा माणूस, पण फिरवला.

त्यांचं हृदय आधीच फार थकलेलं होतं. धुराने किती थकलं, वयाने किती आणि काकू गेल्याने किती, ह्याचा हिशोब डॉक्टरांनीही लावला नाही. त्या उन्हाळ्यातच, आम्ही नातलगांकडे टेक्सासमध्ये शुगर लँडला गेलेलो असताना, ते झोपेत गेले. मृणालने फोन केला तेव्हा ती शांत होती. "मावशी, ही लुक्ड सो रेस्टेड," असं म्हणाली.

मला शेवटचे दिसले ते आम्ही निघालो त्याच्या आदल्या संध्याकाळी. जूनचा शेवट, उजेड चांगला लख्ख, रस्त्यावर पोरं सायकली फिरवत होती, कुणाच्या तरी अंगणात पाण्याचे फवारे चालू होते. मी ड्राइव्हवेवर उभी राहून बॅगा गाडीत बसतात का बघत होते. काका त्यांच्या दारात आले, फुलझाडाला पाणी घातलं. मी हाक मारली, "काका, या ना, आंबे कापलेत. हापूस आहे, डब्यातला नाही."

"उद्या," ते म्हणाले. "आता झोपायला जातो."

"अहो, साडेसात वाजलेत! ऊन आहे अजून!"

"असू दे," म्हणाले आणि हात हलवून आत वळले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. दाढी घोटून केलेली, केस पाणी लावून नीट मागे बसवलेले, आणि अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरच्या गुंडीपर्यंत लावलेला.